तेवढ्याच गाड्या, तेवढाच पैसा

आपल्याकडील कोणत्याही महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाचे अंदाजपत्रक उघडून पाहिले, तर इंधनाचा खर्च, टायरांचा खर्च, कर्मचाऱ्यांचे वेतन, आगारांची डागडुजी आणि अखेरीस ठळक अक्षरांत छापलेली तूट असा सारा जमाखर्च त्यात तपशीलवार सापडतो. परंतु एवढ्या रकमेच्या मोबदल्यात नागरिकांसाठी नेमकी कोणती वस्तू खरेदी केली गेली, याचा उल्लेख त्या दप्तरात क्वचितच आढळतो. ती वस्तू म्हणजे एका गाडीचा रस्त्यावरील एक तास. चालक आणि वाहक यांचा पगार तासांवर चालतो, इंधन आणि यंत्राची झीज हीही बव्हंशी तासांच्याच प्रमाणात वाढते. गाडीत सत्तर माणसे दाटीवाटीने उभी असोत किंवा एकटा वाहक खिडकीशी बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब लावीत असो, त्या तासाची किंमत उपक्रमाला जवळजवळ सारखीच पडते. म्हणून ज्या शहरापाशी पैसा मर्यादित आहे (आणि ज्याच्यापाशी तो अमर्याद आहे असे शहर अद्याप कोणी पाहिलेले नाही), त्याच्या बसव्यवस्थेचा प्रश्न हा मुळात ठरावीक तासांच्या वाटणीचा प्रश्न असतो.

या वाटणीचे गणित प्राथमिक शाळेतल्या मुलालाही सोडविता येईल इतके सोपे आहे. एखाद्या मार्गावर जाऊन परत येण्यास, दोन्ही टोकांच्या विश्रांतीसह, नव्वद मिनिटे लागत असतील, तर त्या मार्गावर तीन गाड्या सोडल्या असता थांब्यावर दर तीस मिनिटांनी एक गाडी येईल आणि सहा सोडल्या असता दर पंधरा मिनिटांनी. वेळेचा अंदाज न घेता थांब्यावर येणाऱ्या उतारूला सरासरीने या अंतराच्या निम्मा काळ तिष्ठत राहावे लागते. पण हा फरक केवळ साडेसात मिनिटांचा आहे असे समजणे हे गणित बरोबर आणि माणूस चूक ठरविण्यासारखे होईल. कारण अर्ध्या तासाने गाडी येत असेल तेथे मनुष्य आपला दिवस गाडीच्या वेळापत्रकाला बांधून घेतो, दहा-पंधरा मिनिटांनी येत असेल तेथे तो वेळापत्रकच विसरतो. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या व्यवहाराचा एक विलक्षण गुणधर्म मांडून दाखविला: रस्त्यावर प्रत्येक नवी मोटार आधीच्या सर्वांना थोडी थोडी अडविते, पण बसमार्गावर उतारू वाढले आणि म्हणून फेऱ्या वाढविल्या, तर आधीच्या उतारूंचाही ताटकळण्याचा काळ कमी होतो. नवा मनुष्य जुन्यांचे भले करून जातो, असे व्यवहार जगात फार नाहीत.

आता त्याच सहा गाड्या एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या दोन समांतर रस्त्यांवर तीन-तीन अशा वाटून दिल्या, तर चालण्याचे अंतर घटते आणि ताटकळणे दुप्पट होते. उलट सहाही एकाच रस्त्यावर घातल्या, तर काहींना पाच मिनिटे अधिक चालावे लागते, परंतु गाडी मात्र पंधरा मिनिटांत येते. विहीर एक, पाणी तेवढेच, आणि पाळी मात्र वीस वाफ्यांना लावायची असा हट्ट धरला, की प्रत्येक वाफ्याची माती ओली दिसते आणि मुळापर्यंत ओल कोठेच पोचत नाही. बहुतेक जुन्या बसव्यवस्थांची अवस्था नेमकी अशी झालेली असते. ही अवस्था कोणी हेतुपुरस्सर आणलेली नसते. एखाद्या प्रभागाचे प्रतिनिधी अर्ज करतात, नवी गृहरचना संस्था शिष्टमंडळ घेऊन येते, कोणा मंत्र्याच्या हस्ते एका मार्गाचे उद्‌घाटन होते, एक फाटा रुग्णालयापर्यंत आणि दुसरा महाविद्यालयापर्यंत वाढविला जातो. प्रत्येक मागणी आपल्या जागी न्याय्य असते, प्रत्येकीला मंजुरी मिळते, आणि एकदा सुरू झालेला मार्ग वहिवाटीने पवित्र होऊन बसतो. मार्ग रद्द करावा असा अर्ज घेऊन आजवर कोणतेही शिष्टमंडळ कोठल्याही कचेरीत गेलेले नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यातले ह्यूस्टन हे शहर या विषयाच्या अभ्यासकांत आज प्रसिद्ध आहे, ते या वहिवाटीला त्याने एका रात्रीत छेद दिला म्हणून. वास्तविक बसगाड्यांच्या बाबतीत ज्याचे नाव घ्यावे असे हे शहर नव्हे. तेल, मोटार आणि रुंद द्रुतगती मार्ग यांवर पोसलेले, सोळाशे चौरस किलोमीटरांहून अधिक भूमीवर पसरलेले, आणि कोणत्या जागी घर बांधावे व कोणत्या जागी कचेरी, यासंबंधीचे जमीनवापराचे निर्बंध १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळच्या मतदानांत साफ नाकारणारे हे शहर. तेथील बससेवा ज्या मेट्रो नावाच्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे आहे, ते १९७८ सालच्या मतदानाने अस्तित्वात आले आणि एक टक्का दराच्या विक्रीकरावर चालते. त्या एका टक्क्याचाही चौथ्या हिश्श्यापर्यंतचा भाग रस्त्यांच्या कामासाठी सभासद नगरांना द्यावा लागतो. म्हणजे उत्पन्न बांधलेले, प्रदेश विस्तीर्ण आणि प्रजा मोटारीची भक्त.

त्यात तेथील मार्गांची रचना ट्रामच्या जमान्यापासून चालत आलेली. जवळपास प्रत्येक मार्ग शहराच्या मध्यवर्ती व्यापारी पेठेत येऊन मिळे. ही पेठ एके काळी शहराचे हृदय होती हे खरे; परंतु मधल्या काळात वैद्यकीय संस्थांचे एक अवाढव्य केंद्र दक्षिणेला उभे राहिले, पश्चिमेला गॅलरिया बाजाराच्या सभोवार कचेऱ्यांच्या गगनचुंबी इमारती उगवल्या, आणि नोकऱ्या शहरभर विखुरल्या. उत्तरेकडच्या वस्तीतून पश्चिमेकडच्या कामावर जाणाऱ्या मनुष्याने प्रथम मध्यवर्ती पेठेची वारी करावी आणि तेथून परत निघावे, असा त्या व्यवस्थेचा शिरस्ता होता. मार्ग कित्येक ठिकाणी एकमेकांना खेटून धावत, कित्येक ठिकाणी गल्लीबोळांतून नागमोडी वळणे घेत, आणि रविवारी तर बहुसंख्य मार्गांवर गाडीचे दर्शन दुर्लभ होई. जणू दुकानांतील विक्रेते, रुग्णालयांतील परिचारिका आणि उपाहारगृहांतील स्वयंपाकी रविवारी घरी बसतात.

प्राधिकरणाच्या संचालक मंडळावर २०१० साली ख्रिस्तोफ स्पीलर हा अभियंता नेमला गेला. तो स्वतः बसने फिरणारा होता, आणि ही पात्रता संचालक मंडळांत वाटते तितकी सुलभ नाही. पुढे फेररचनेचे काम हाती घेतले गेले, तेव्हा जॅरेट वॉकर या सल्लागाराने मंडळापुढे नकाशा न ठेवता एक प्रश्न ठेवला. तुम्हांला अधिकाधिक उतारू हवे आहेत, की अधिकाधिक भूभागावर सेवा हवी आहे? दोन्ही हेतू आदरणीय आहेत, पण ते एकाच तासाने साध्य होत नाहीत. दाट वस्ती, सरळ रस्ता आणि जवळ जवळ फेऱ्या असतील तेथे गाडी भरते. विरळ वस्तीतील वृद्धेच्या दारापर्यंत गाडी नेली तर ती भरणार नाही हे आधीच ठाऊक असते, आणि तरीही समाज म्हणून ती न्यावी असे आपण ठरवू शकतो. मग एकूण खर्चापैकी किती भाग पहिल्या हेतूवर आणि किती दुसऱ्यावर?

तोवर त्या शहरात अर्ध्याहून थोडासाच अधिक खर्च उतारू मिळविण्याच्या कामी पडत असे, आणि तसे ते प्रमाण कोणी ठरविलेले नव्हते. ते आपोआप साचत गेले होते. मंडळाने विचारविनिमयानंतर ऐंशी आणि वीस असे प्रमाण मुक्रर केले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक क्षण हाच होय. नकाशावरच्या रेषा त्यानंतर आल्या. आपल्याकडे याच्या उलट क्रम चालतो: प्रथम रेषा ओढल्या जातात, मग त्यांवर हरकती येतात, मग ज्याचा आवाज मोठा त्याची रेषा वाचते, आणि अखेरीस जे प्रमाण शिल्लक उरते त्याला धोरण असे भारदस्त नाव देण्यात येते. रेषा ओढणे हे अभियंत्याचे काम आहे. वाटणीचे प्रमाण ठरविणे हे लोकनियुक्तांचे, आणि ते त्यांनी रेषांच्या आड लपून करू नये.

मे २०१४ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यात मध्यवर्ती पेठेकडे धावणाऱ्या आऱ्यांच्या जागी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा सरळ मार्गांची जाळी होती. नकाशा छापतानाच रंगांनी भेद केला होता: तांबडे मार्ग आठवड्याचे सातही दिवस पंधरा मिनिटांच्या आत येणारे, निळे अर्ध्या तासाच्या आतले आणि हिरवे तासाभराच्या आतले. तांबड्या मार्गांची संख्या बावीसवर गेली. गाडी कोठे जाते एवढेच सांगणारा नकाशा अर्धेच सत्य सांगतो. ती केव्हा येते हेही एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे, ही कल्पना इतकी साधी आहे की ती आपल्या कोणत्याही थांब्यावर का दिसत नाही याचे आश्चर्य वाटावे. मूळ आराखडा त्या वेळच्या चालू खर्चातच बसविला होता. अंतिम मंजुरीपर्यंत त्यात अल्पशी वाढ झाली.

अशा जाळीत उतारूला पुष्कळदा गाडी बदलावी लागते, आणि फेररचनेवरील सर्वांत मोठा आक्षेप याच एका गोष्टीभोवती घोटाळतो. तेव्हा तो हिशेबाने तपासून पाहू. एका कल्पित शहरात चार वस्त्या आणि चार कामाची ठिकाणे आहेत, आणि प्रत्येक वस्तीतून प्रत्येक ठिकाणी थेट गाडी हवी असा आग्रह आहे. मार्ग झाले सोळा. प्रत्येकाची जाऊन-येऊन फेरी एका तासाची आणि ताफा बत्तीस गाड्यांचा धरला, तर मार्गाला दोन गाड्या येतात, गाडी अर्ध्या तासाने मिळते आणि सरासरी पंधरा मिनिटे ताटकळावे लागते. आता सोळांऐवजी चारच मार्ग ठेवावे, प्रत्येक एका वस्तीतून निघून मधल्या चौकातून एका कामाच्या ठिकाणी जाणारा; फेरीचा काळ तोच धरला तर मार्गाला आठ गाड्या आल्या आणि साडेसात मिनिटांनी गाडी मिळू लागली. चौकात बदल करणाऱ्यास दोनदा थांबावे लागेल, पण दोन्ही मिळून ते थांबणे सरासरी साडेसात मिनिटांचेच, म्हणजे पूर्वीच्या निम्मे. चौकात उतरून रस्ता ओलांडण्याचे कष्ट आणि काही थोड्यांचा लांबलेला पल्ला हे या हिशेबातून वजा केले पाहिजेत, हे मान्य. परंतु थेट गाडीचे सुख बहुधा गाडीत बसल्यावर सुरू होते. तिची वाट पाहण्यात गेलेला काळ मनुष्य त्या सुखाच्या खाती मांडीत नाही.

मात्र बदल करणाऱ्याला तिकिटाने दंड करू नये, ही या योजनेची अट आहे. ह्यूस्टनमध्ये कार्डाने भाडे देणाऱ्याला तीन तासांच्या आत कोणत्याही दिशेने दुसरी गाडी पकडण्याची मुभा फेररचनेबरोबरच देण्यात आली. आपल्याकडील टप्पा पद्धतीत पहिला टप्पाच सर्वांत महाग पडतो, आणि दोन गाड्यांनी जाणारा दोनदा पहिला टप्पा मोजतो. पासधारक तेवढा सुटतो. तिकिटाची ही रीत कायम ठेवून जाळी विणू पाहणे व्यर्थ होय.

विरोध झालाच. शहराच्या ईशान्येकडील गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतून तो सर्वांत तीव्र होता. तेथे लोकसंख्या घटत गेली होती, रिकामे भूखंड पडले होते, आणि उतारूंची संख्या पाहता ठरावीक मार्गांऐवजी मागणीनुसार फिरणाऱ्या लहान गाड्या पुरेशा होतील असे आराखडा सुचवीत होता. गणिताच्या दृष्टीने ते बिनचूक असेल. पण ज्या लोकांना रस्ते, शाळा आणि गटारे यांच्या वाटणीत पिढ्यानपिढ्या शेवटचा क्रमांक मिळाला, त्यांना बसच्या वाटणीतही तोच क्रमांक का, असे विचारण्याचा अधिकार होता. प्राधिकरणाने तेथील ठरावीक मार्ग पुष्कळ अंशी परत दिले. मला हे मागे हटणे योग्य वाटते, आणि ते शक्य झाले याचे श्रेय त्या वीस टक्क्यांना आहे. विरळ वस्तीसाठी खर्चाचा एक भाग आधीच राखून ठेवलेला असल्यामुळे तेथील मार्ग टिकविताना ‘हा तोट्यात चालतो’ असे ओरडण्याची सोय कोणाला उरली नाही. एरवी नुकसान सोसणारे थोडे होते: चालू उतारूंपैकी ज्यांना थांबा पाव मैलाहून दूर जाईल असे शेकडा एकाहूनही कमी होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम ठराव झाला आणि १६ ऑगस्ट २०१५ च्या रविवारी पहाटे जुनी व्यवस्था संपून नवी सुरू झाली. हजारो थांब्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, चालकांना नवे मार्ग पाठ करावे लागले होते, आणि पहिला आठवडाभर भाडे माफ होते. चुका झाल्या, विशेषतः मालगाड्यांनी रस्ते अडवावेत आणि सरळ मार्गांचे वेळापत्रक कोलमडावे, हे वारंवार घडले. शिवाय थांब्यापर्यंत पाच मिनिटे अधिक चाला असे सांगणे सोपे, पण ज्या शहरात मैलोगणती पदपथच नाहीत तेथे ती पाच मिनिटे चाकाच्या खुर्चीवरील माणसाने कशी काढावी, याचे उत्तर त्या आराखड्यात नव्हते.

फळ काय मिळाले? पहिल्या वर्षी स्थानिक बस आणि रेल्वे मिळून उतारूंत शेकडा सहा-सातांच्या घरात वाढ झाली, आणि रविवारची वाढ सर्वांत मोठी होती. दोन वर्षांत शेकडा वीस वाढ होईल हे जे भाकीत केले होते, त्याच्या मानाने हे यश तोकडे म्हणावे लागेल. वाढीचा काही भाग त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालेल्या दोन नव्या रेल्वे मार्गांचाही होता. परंतु तेलाचे भाव कोसळून त्या शहरातील नोकऱ्या आटत होत्या आणि अमेरिकेतील बहुतेक शहरांत बसचे उतारू घटत होते, त्या काळातली ही वाढ आहे, हेही विसरता येत नाही.

एका रात्रीत सारे बदलावे की क्रमाक्रमाने, याविषयी मतभेद आहे. बार्सिलोनाने दुसरा मार्ग पत्करला. इल्देफोन्स सेर्दा याने एकोणिसाव्या शतकात आखलेल्या चौकोनी वसाहतीचा लाभ घेऊन तेथे आडवे आठ, उभे सतरा आणि तिरपे तीन अशा अठ्ठावीस मार्गांची जाळी ऑक्टोबर २०१२ पासून नोव्हेंबर २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने विणली गेली. सहा वर्षे जुने आणि नवे एकत्र नांदले. त्यात धक्का कमी बसतो, पण जाळीचा लाभ जाळी पुरी झाल्याशिवाय मिळत नाही, आणि तोपर्यंत सत्ता बदलली तर विणकाम अर्ध्यावर राहण्याचे भय असते.

आपल्याकडे वळून पाहता मुंबईचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस तेथे धावली तेव्हापासून त्या शहराचे उत्तर-दक्षिण ओझे प्रामुख्याने लोहमार्गांनी वाहिले, आणि बेस्ट या तेथील बस उपक्रमाच्या वाट्याला स्थानकापासून घरापर्यंतचे आणि पूर्व-पश्चिम जोडण्याचे काम आले. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले आणि मे २०२५ मध्ये ते दहा झाले. परंतु दरम्यान ताफा घटत गेला, आणि येणाऱ्या गाडीचे भाडे कमी करण्याचा लाभ न येणाऱ्या गाडीच्या उतारूला होत नाही.

पुणे मात्र ह्यूस्टनचे दुखणे ओळखील. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन उपक्रम एकत्र होऊन जी कंपनी झाली, तिच्याकडे ढोबळमानाने दोन हजार गाड्या आणि तीनशेंहून अधिक मार्ग आहेत. भागाकार केला तर मार्गाला सहा-सात गाड्या येतात. त्यांतून दुरुस्तीसाठी आगारात उभ्या असलेल्या वजा कराव्या, आणि गर्दीच्या रस्त्यावर फेरीला दोन-अडीच तास लागतात हे ध्यानी घ्यावे, म्हणजे सरासरीने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर गाडी का दिसते हे कळून येते. स्वारगेट, महापालिका भवन, पुणे स्टेशन आणि डेक्कन यांच्याकडे ओढलेले मार्ग कायम आहेत, आणि नोकऱ्या मात्र हिंजवडी, खराडी, चाकण अशा टोकांना जाऊन बसल्या. मार्च २०२२ पासून मेट्रोही धावू लागली. अशा स्थितीत नव्या गाड्या घेतल्या जातात तेव्हा त्या जुन्याच मार्गांवर वाटल्या जाऊ नयेत. आणि रस्त्यावर बससाठी एक पट्टा राखून फेरी दीडशे मिनिटांवरून सव्वाशेवर आणता आली, तर दहा गाड्यांच्या मार्गावर पंधराऐवजी साडेबारा मिनिटांनी गाडी मिळते, एकही गाडी खरेदी न करता.

या कामातली खरी अडचण मात्र नकाशाच्या बाहेर आहे. ज्याचा थांबा उठणार, त्याला आपले नुकसान जाहीरनामा वाचताच कळते, आणि तो सुनावणीला येतो, त्याने यावेच. पण ज्याला रविवारी पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटांनी गाडी मिळणार आहे, ज्या मुलीला दोन गाड्या बदलून का होईना पण वेळेत कामावर पोचता येणार आहे, त्यांना आपला लाभ ठाऊकच नसतो, आणि सुनावणीच्या दुपारी ती माणसे बहुधा कोठल्यातरी थांब्यावर उभी असतात. त्यामुळे कचेरीच्या दप्तरात हरकतींचा गठ्ठा जाडजूड होतो आणि पाठिंब्याची फाइल उघडलीच जात नाही. आपल्या शहरात मार्गांच्या फेररचनेची सूचना निघेल, तेव्हा वाचकांनी दोन गोष्टी कराव्या: विरळ वस्तीसाठी किती आणि दाट वस्तीसाठी किती, हे प्रमाण ठरावाच्या रूपाने आधी जाहीर करावे अशी मागणी करावी; आणि आराखडा पटला असेल तर हरकतींची मुदत संपण्यापूर्वी तसे लेखी कळवावे.